आठ अटींच्या चार डिस्क

मानासेने तिसरी हार्ड डिस्क टॉवेलवर उलटी ठेवली, तार जोडली आणि लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिला. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला.

“वाच,” कालो म्हणाली.

“बाई, आधीच्या दोन ऐकल्यात ना? ही त्यांचीच बहीण.”

“वाच म्हटलं.”

“एकतीस हजार दोनशे तीन तास.”

पहिलीचे एकतीस हजार दोनशे चार होते. दुसरीचे तेवढेच. कालोने आकडा वहीत लिहिला आणि खाली रेघ मारली. बेटावरच्या कोलोंगा गावच्या शाळेत तीस वर्षं टोंगन भाषा शिकवताना चुकीच्या उत्तराखाली ती अशीच मारायची, कागद फाटेल इतकी.

“आता वर्षं काढ.”

मानासे ओठ हलवत मोजू लागला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. शेजारणीसमोर बोटांवर मोजायची त्याला लाज वाटत असावी. “साडेतीन. वर थोडे दिवस.”

“साडेतीन वर्षं ही कुठेतरी दिवसरात्र गरगरतेय. आणि माझ्या घरी कधी आली?”

“परवा.”

“परवा! ऑकलंडहून, पाळकांच्या बायकोच्या मांडीवर बसून, नवीन म्हणून!”

“त्या बिचारीने विमानात पाणीसुद्धा घेतलं नाही म्हणे. सांडेल म्हणून.”

“तिला कोण बोलतंय? मी दुकानदाराला बोलतेय. मेला चोर.”

ओसरीखाली पसरलेलं डुक्कर उठलं आणि पपईच्या सावलीत जाऊन पुन्हा पसरलं. मानासेने चौथी डिस्क जोडली. या खेपेस त्याने न सांगता आकडा वाचला. कालोने तो लिहून घेतला नाही.

*

अट पहिली. साध्या संगणकातली डिस्क नको. वर्षभर न थांबता, शेजारी आणखी तीन थरथरत असताना चालेल अशी बनवलेलीच हवी.

यादी कालोने स्वतः केली होती. त्यासाठी तिने चार महिने वाचन केलं. कुठली डिस्क वर्षाला शंभरात किती मरते याचे तक्ते उतरवून काढले. एका जातीच्या डिस्कबद्दल एक जण म्हणे उत्तम, दुसरा म्हणे कचरा. मग दोघांनी डिस्क कुठे ठेवल्या होत्या, किती उन्हात, किती धुळीत, ते शोधलं. शेवटी आठ अटी उरल्या. त्या तिने ऑकलंडला विलिसोनीला, धाकट्या भावाला, पाठवल्या.

हे सगळं कशासाठी, तर दोनशे बारा माणसांसाठी. एकोणीस वर्षं कालो सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करत आली होती. झाडाच्या सालीचं कापड कुटताना बायका म्हणायच्या ती गाणी. शार्कला हाक कशी मारायची. चंद्राच्या प्रत्येक रात्रीचं वेगळं नाव. राजासमोर बोलणाऱ्यांची भाषणं, ज्यांतले निम्मे शब्द आता कुणाला कळत नाहीत. दोनशे बारांपैकी दीडशेच्या वर माणसं आता नव्हती. आवाजांच्या तीन प्रती होत्या. एक शाळेच्या कपाटात होती. ज्वालामुखी फुटला त्या दिवशी लाट आली आणि शाळेचं कपाट, शाळेच्या भिंतीसकट, घेऊन गेली. दुसरी राखेने गेली. मंत्रालयातल्या एका सल्लागाराने तिला पूर्वी सांगितलं होतं, सगळं इंटरनेटवर ठेवा, घरात कशाला पसारा. समुद्राखालची तार तुटली तेव्हा पाच आठवडे देशाचा जगाशी संबंध नव्हता. तो सल्लागार तेव्हा परदेशात, सुवामध्ये होता.

तिसरी प्रत जेवणाच्या टेबलावर होती. ती चालू केली की आतून नखाने टिचकी मारल्यासारखा आवाज यायचा.

“किती दिवस?” कालोने महिन्यापूर्वी विचारलं होतं.

“बाई, मी टेलिफोनवाला आहे, भविष्यवाला नाही,” मानासे म्हणाला होता. “पण ही माणूस असती तर नातलगांना बोलावून घ्या म्हटलं असतं.”

*

अट दुसरी. कौलं जशी एकावर एक चढवतात तसे पट्टे चढवून लिहिणारी डिस्क नको. ती स्वस्तात जागा देते, पण चारातली एक मेली आणि नवी घालून चार डिस्कची पेटी पुन्हा भरायची वेळ आली की दम टाकते. कंपन्या हे खोक्यावर लिहीत नाहीत. विचारावं लागतं. विचारून ये.

“लिहीत नाहीत म्हणजे काय?” ही अट वाचून मानासेने विचारलं होतं. त्यावर कालो तासभर बोलली होती. माणूस मासळी बाजारात जातो, शिळी मासळी ताजी म्हणून विकणाऱ्याच्या नावाने सगळा बाजार ओरडतो. आणि इथे, माणसाची सगळी ठेव जिच्यात जाणार ती वस्तू कशी बनवलीय हेच लपवायचं? आणि वर जाडजूड नाव द्यायचं, ‘विश्वासू’!

आता मानासेने चारही डिस्कवर चिकटवलेल्या माहितीच्या पट्ट्या वाचल्या. “कौलांच्या नाहीत.”

“पाचवी बघ.”

अट पाचवी. चारही एकाच खेपेतल्या नकोत. एका दिवशी जन्मलेल्या एका दिवशी मरतात.

“दोन एका खेपेच्या, दोन दुसऱ्या. बाई, ज्याने निवडल्या त्याला अक्कल होती.”

“चोरालाही अक्कल असते.”

“खराब जागा एकही नाही. कुठे पडल्याची खूण नाही. तापलेल्यासुद्धा नाहीत कधी फार. साडेतीन वर्षं कुणीतरी पंखा पुसत होतं.” मानासेने शेवटची डिस्क उजेडात धरली. “खरं सांगू? नव्यापेक्षा या बऱ्या. नवी पहिल्या वर्षात दगा देते. या दगा देण्याच्या वयातून गेल्यात.”

“मानासे.”

“हां बाई.”

“आठवी अट वाच.”

त्याने वाचली नाही. ती त्याला पाठ होती, कारण कालोने ती मोठ्या अक्षरांत लिहिली होती. *नवीन. वापरलेली नको, दुरुस्त केलेली नको, नव्यासारखी नको. नवीन म्हणजे नवीन.*

*

पेटी कालोला शाळेने निवृत्तीच्या वेळी दिली होती. चार डिस्क बसतात अशी, आणि चारही खण रिकामे. मुख्याध्यापकांनी भाषणात तिला ज्ञानाचं भांडार म्हटलं होतं. मानासेने एकेक डिस्क खणात सरकवली, पेटी सुरू केली, आणि लॅपटॉपवर पिवळी चौकट आली.

“म्हणते, या डिस्कवर आधीचा साठा सापडलाय. नव्याने सुरू केलं तर सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?”

“आधीचा साठा? म्हणजे पुसलंसुद्धा नाही? दुसऱ्याचं उष्टं ताट धुवायचीसुद्धा तसदी नाही?”

“दाबू?”

कालोचा हात पुढे आला आणि तिथेच थांबला. “थांब. दाबू नकोस. फोटो काढ.”

“कशाचा?”

“या चौकटीचा. आकड्यांचा. पट्ट्यांचा. हा पुरावा आहे. पुरावा पुसतात का कुणी?” तिने टिचक्या मारणाऱ्या जुन्या डिस्कवर तळहात ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. “दोन दिवस कळ काढेल ही. आधी त्यांना उघडं पाडते.”

डिस्कच्या कडेला एका दुकानाचं बोटभर कागदी लेबल होतं. त्यावर ऑकलंडचा फोन नंबर. शनिवार दुपार, कुणी उचलला नाही. मग तिने विलिसोनीला फोन लावला.

“ताई, पोचल्या ना?”

“पोचल्या. तू गेला होतास का दुकानात?”

“कुठल्या?”

“डिस्कच्या, विलिसोनी.”

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला. भाऊबहीण फोनवरसुद्धा जपून बोलायचे. थट्टा नाही, आवाज चढवणं नाही, लहानपणापासूनच तसं. विलिसोनी ताईशी बोलताना उभा राहतो, असं त्याची बायको सांगायची.

“मिळाल्या, ताई. तुम्ही लिहिल्या होत्या तशाच. एकेक अट मी पट्टीशी लावून बघितली.”

“आठवी लावलीस?”

“आठवी...”

“त्या वापरलेल्या आहेत.”

“चालत नाहीत का, ताई?”

“चालतात. प्रश्न तो नाही. तुला फसवलंय त्यांनी. पावती पाठव मला.”

“पावती असेल, ताई. शोधावी लागेल.”

“शोध. आणि ऐक, यात तुझी काही चूक नाही.”

“हो, ताई.”

“तू मनाला लावून घेऊ नकोस.”

“नाही, ताई,” तो म्हणाला, इतक्या हळू की कालोचा राग दुप्पट झाला. फोन ठेवून ती ओसरीच्या कठड्याशी उभी राहिली.

“तुला कळतंय का काय झालं असेल?” ती मानासेला म्हणाली. “तो गेला असणार कामाची पाळी संपवून. विमानतळावर सामान चढवणाऱ्याचं पिवळं जाकीट अंगात. काउंटरवरच्या पोराने बघितलं, बेटावरचा माणूस, अंगाने थोराड, बोलायला नरम, हातात बहिणीने लिहिलेला कागद. त्या पोराने मनात म्हटलं, याला काय कळतंय. मागच्या खोलीतून काढून दिलं जुनं. आणि माझा भाऊ ‘थँक यू’ म्हणून आला असेल.”

मानासे तार गुंडाळू लागला. त्याचे स्वतःचे दोन मुलगे तिकडे होते.

*

पत्र, पहिला मसुदा:

*महोदय, तुम्ही चोर आहात.*

“सुरुवात जोरदार आहे,” मानासे म्हणाला. “पण मग पुढे लिहायला काय उरलं?”

पत्र, दुसरा मसुदा:

*महोदय, तुमच्याकडून माझ्या भावाने चार डिस्क नवीन म्हणून घेतल्या. सोबत फोटो आहेत. त्या एकतीस हजार तास वापरलेल्या आहेत. तुमच्या समोर कोण उभं आहे हे बघून तुम्ही माल बदलता का, हे मला जाणून घ्यायचं आहे. मी शिक्षिका होते. मुलगा कुठल्या घरचा आहे हे बघून मी कधी त्याला वेगळं पुस्तक दिलं नाही.*

तिसरा मसुदा कागदावर आला नाही, कारण मध्ये रविवार होता. रविवारी कोलोंगात कुणी लिहीत नाही, पोहत नाही, खिळा ठोकत नाही. कालो पांढऱ्या पोशाखावर रिवाजाप्रमाणे कमरेला विणलेली चटई बांधून चर्चला गेली आणि दुसऱ्या बाकावर बसून मनातल्या मनात पत्र लिहू लागली. पाळक शेजाऱ्यावर प्रेम करण्याबद्दल सांगत होते. तिने पत्रात ‘निर्लज्ज’ हा शब्द घातला, काढला, पुन्हा घातला. समूहगान सुरू झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की खर्जातल्या ओळीत आता दोनच म्हातारे उरलेत. तिसरा तिच्या डिस्कवर होता. एकशे सव्वीस नंबर. त्याने तिला चाळीस मिनिटं फक्त वाऱ्यांची नावं सांगितली होती आणि शेवटी म्हणाला होता, पोरी, हे लिहून घेतलंस ना, आता मी विसरलो तरी चालेल.

चर्चबाहेर पाळकांची बायको भेटली. “चालल्या का हो त्या डिस्का?”

“त्याबद्दल उद्या बोलू,” कालो म्हणाली. “आज रविवार आहे.”

*

सोमवारी नऊ वाजता दुकानातल्या मुलीने फोन उचलला. कालोने वही उघडली. शेजारी मानासे पावरोटी घेऊन बसला होता. त्याला हे चुकवायचं नव्हतं.

“तुमच्याकडून घेतलेल्या चार डिस्कबद्दल बोलायचंय,” कालो म्हणाली. “डिस्कवरचे नंबर देते. लिहून घ्या. मी एकदाच सांगेन.”

तिने एकेक अक्षर, एकेक आकडा शुद्धलेखन घातल्यासारखा सांगितला. पलीकडे कळफलक वाजत होता.

“हं, सापडल्या. आमच्याच आहेत.”

“वा. मान्य आहे म्हणायचं.”

“हो ना. चार वर्षांपूर्वी गेल्यात. दोन मार्चमध्ये, दोन एप्रिलमध्ये. मुद्दाम वेगळ्या खेपेच्या मागितल्या होत्या, इथे टीप आहे.” मुलगी मोकळेपणाने हसली. “वेइसिनिया बोलताय ना?”

मानासे पावरोटी मोडता मोडता थांबला. वेइसिनिया ही विलिसोनीची मुलगी, हे त्यालाही माहीत होतं. तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला सगळ्या गल्लीतून भेटीच्या चटया गेल्या होत्या.

कालोने वही मिटली. मग पुन्हा उघडली, त्याच पानावर.

“नाही,” ती म्हणाली. “मी तिची आत्या.”

“अच्छा! मग तिला एक निरोप द्याल? त्या मोठ्या डिस्क आल्यात म्हणावं. मागच्या महिन्यात दोनदा विचारून गेली. जागा संपत आली होती ना तिची. पण नंतर काही फिरकलीच नाही. कामात असेल.”

“असेल.”

“आणि तुमची तक्रार काय होती?”

फोनमध्ये थोडी खरखर झाली. कालो मानासेकडे बघत नव्हती, पेटीकडेही नाही.

“काही नाही,” ती म्हणाली. “डिस्क चांगल्या आहेत.”

*

नववी अट यादीत नव्हती. आठवीनंतर फक्त एक ओळ होती: *जमलं तर बघ. ओढाताण करू नकोस.*

ती ओळ लिहिताना कालोला बरं वाटलं होतं. आपण समजूतदार बहीण आहोत असं. पण बहिणीने ‘जमलं तर’ म्हटल्यावर तो ‘तर’ भावाने ठेवायचा कुठे? कोलोंगातल्या कुठल्याच घरात त्या ‘तर’ला खुंटी नसते. भावाने बहिणीला नाही म्हणायचं नसतं, आणि भावाच्या मुलांनी आत्याला. आत्या घरी येते, एखाद्या वस्तूकडे दोनदा बघते, आणि निघताना ती वस्तू कापडात गुंडाळून तिच्या हातात येते. कुणी देत नाही, कुणी मागत नाही. असं आहेच.

कालोच्या आत्याने एकदा तिच्या वडिलांच्या सायकलकडे बघितलं होतं. वडिलांनी ती आधी पुसली, साखळीला तेल घातलं, आणि मग स्वतः चालवत तिच्या घरी नेऊन ठेवली. त्यानंतर दोन वर्षं कालो शाळेत पायी गेली. घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. तिनेही नाही. आता, छप्पन्नाव्या वर्षी, ओसरीवर बसल्या बसल्या तिला त्या रस्त्याचं ऊन तळपायाला लागलं आणि तिच्या तोंडून आपसूक गेलं, “काय हक्क होता हो तिला?”

“कुणाला?” मानासेने विचारलं.

ती फोनवर नंबर शोधू लागली.

“बाई,” मानासे पुटपुटला, “मी जाऊ का घरी?”

“बस. तुला पेटीचं कळतं.”

वेइसिनियाने लगेच उचलला.

“आत्या! चालल्या का डिस्क? बाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. सारखे म्हणतायत, ताईला आवडल्या नाहीत.”

“तुझ्या होत्या.”

“हो, म्हणजे... होत्या. बाबा यादी घेऊन आले माझ्याकडे, यातलं काही कळतंय का म्हणून. मी वाचलं तर सगळ्या अटी माझ्याच डिस्कच्या निघाल्या. एक नवीनची अट सोडून. नव्या घ्यायच्या तर बाबांना अजून सहा महिने लागले असते. आणि तुमची जुनी टिचक्या मारतेय म्हणाले. म्हाताऱ्यांचे आवाज आहेत, आत्या. माझं काय, नुसते व्हिडिओ.”

“कसले?”

“असेच. विमानतळावर रात्री झाडू मारणाऱ्या बायका. आपल्याकडच्या, सामोआच्या. त्या कामावर एकमेकींना गोष्टी सांगतात, त्या. तीन वर्षं शूट करत होते. होईल पुन्हा.”

“त्या बायका अजून आहेत तिथे?”

“काही आहेत.”

“दुसरीकडे कुठे ठेवलंयस ते?”

“जुळवून झालं ते आहे लॅपटॉपवर.”

“किती?”

“अकरा मिनिटं.”

मानासेने पावरोटी ताटलीत ठेवली.

“आणि बाकीचं? पुसलंस?”

“पुसायचं राहून गेलं. पाळकांच्या बाई निघाल्याच होत्या विमानतळावर.” तिचा आवाज घाईघाईचा झाला. “तुम्हीच पुसा ना, आत्या. काही करावं लागत नाही. पेटी विचारते, आपण फक्त हो म्हणायचं.”

लॅपटॉपवर शनिवारपासून पिवळी चौकट तशीच होती.

कालो उठली. फोन कानाला लावून ओसरीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. परत आली तेव्हा तिची पाठ ताठ झाली होती. मानासेने ती पाठ ओळखली. त्याचे दोन्ही मुलगे तिच्या वर्गात होते.

“वेइसिनिया, नीट ऐक. मी एक वाक्य म्हणते. तू उत्तर द्यायचं.”

“हो, आत्या.”

“मला त्या डिस्क हव्यात.”

“दिल्यात की, आत्या.”

“चूक. पुन्हा. मला त्या डिस्क हव्यात.”

“घ्या ना. मी खरंच सांगते, मला काही—”

“चूक.”

“मग काय म्हणू?”

“उत्तरं दोनच असतात. एक तू दोनदा दिलंस. आता दुसरं दे.”

पलीकडे घरावरून विमान गेलं. ऑकलंडच्या विमानतळाजवळ, मांगेरेत, बोलताना मध्येच थांबावं लागतं, ते जाईपर्यंत. ते गेलं तरी मुलगी थांबूनच होती.

“आत्या, तसं कसं म्हणायचं?”

“तोंडाने.”

“बाबा इथेच आहेत.”

“ऐकू दे त्याला. त्यालाही शिकायचंय.”

फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज झाला. मागे विलिसोनी काहीतरी विचारत होता. मुलीने काय सांगितलं ते कळलं नाही. हात निघाला.

“मला त्या डिस्क हव्यात,” कालो तिसऱ्यांदा म्हणाली. आवाज तसाच, वर नाही, खाली नाही.

मानासेला वाटलं, फोन तुटला.

“पुढच्या महिन्यात...” वेइसिनिया म्हणाली आणि अडली. मग एका दमात म्हणाली, “पुढच्या महिन्यात दिल्या तर चालतील का, आत्या?”

कालोने डोळे मिटले. “चालतील.”

“रागावलात?”

“हो. तुझ्यावर नाही.” तिने श्वास घेतला. “पुढच्या महिन्यात मी पुन्हा विचारीन. तेव्हाही हेच सांग. त्याच्या पुढच्या महिन्यातही.”

फोन ठेवल्यावर तिने लॅपटॉपवरची चौकट स्वतः बंद केली, ‘नाही’वर बोट दाबून. पेटीचा पंखा थांबला. मग मानासेने कागदाच्या चार चिठ्ठ्या फाडल्या आणि त्यांवर एक ते चार आकडे घातले, तिकडे पुन्हा बसवताना खणांचा क्रम बदलू नये म्हणून.

“शुक्रवारच्या विमानाने ऑकलंडला कोण जातंय?” कालोने विचारलं.

“बघतो. कुणीतरी असेलच.” त्याने पहिला खण उघडला, पण डिस्क बाहेर ओढली नाही. “बाई, पण तुमचे म्हातारे...”

“मला माहितीय,” कालो म्हणाली, आणि डिस्क घ्यायला दोन्ही हात पुढे केले.